बुडी, बोट आणि बक्षीस

समुद्रावर जायचे म्हणजे पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, चपला हातात घ्यायच्या, लाट आली की किंचाळत मागे पळायचे आणि मग भेळ खायची, असा आपल्या मराठी मध्यमवर्गाचा कालपरवापर्यंतचा रिवाज होता. समुद्राच्या आत काय आहे, याच्याशी आपला संबंध ताटातल्या सुरमईपुरता. आता ते चित्र पार पालटले आहे. पावसाळा सरला की मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यांवर पुण्या-मुंबईच्या आणि कोल्हापूर-सांगलीच्या गाड्यांची रीघ लागते. ज्यांनी आयुष्यात विहिरीतसुद्धा कधी उडी मारलेली नाही असे काका, मावश्या आणि नवपरिणित जोडपी पाठीला हवेची टाकी बांधून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात उतरतात. खाली दहा-पंधरा मिनिटे रंगीबेरंगी मासे आणि प्रवाळ पाहतात, माशांच्या थव्यात हात पसरून फोटो काढून घेतात आणि एखादा गड सर केल्याच्या आनंदात वर येतात.

इथपर्यंत सारे छान असते. मग बोट किनाऱ्याकडे वळते आणि बोटीवर एक अवघडलेली शांतता पसरते. यजमान हळूच कुजबुजतात, ‘‘या मुलांना काही द्यायचं का गं?’’ सौभाग्यवती म्हणतात, ‘‘काउंटरवर भरले की आपण पैसे! आणि पाकीट तर खोलीवर आहे.’’ चिरंजीव मोबाइलमधून मान वर न काढता सुचवतात, ‘‘बाबा, क्यूआर कोड असेल, पाठवून द्या.’’ तेवढ्यात किनारा येतो, सामानाची धांदल उडते आणि तो विषय वाळूतच राहून जातो. ज्या मुलाने पाण्याखाली पूर्ण वेळ तुमचा हात सोडलेला नसतो, तो तोवर पुढच्या गिऱ्हाइकाच्या कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधू लागलेला असतो.

हॉटेलात बडीशेपेच्या बशीत किती ठेवायचे, हे आपण वडिलांकडे पाहून शिकलो. हमालाला किती, न्हाव्याला किती, दिवाळीला पोस्टमनला पोस्त किती, याचेही ठोकताळे घराघरांत ठरलेले होते. पण बुडी मारायला नेणाऱ्या बोटीवरचा शिष्टाचार आपल्याला कोणी शिकवला नाही. शिकवणार तरी कोण? पाण्याखाली मोकळेपणी श्वास घेता येईल असे सुटसुटीत साधनच मुळी १९४३ साली फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी सिद्ध केले. आणि आपल्या किनाऱ्यावर हा छंद सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊन फार वर्षे झालेली नाहीत. तेव्हा ही रीत आता आपली आपल्यालाच पाडायची आहे.

बोटीवर कोण कोण असते?

कोणाला काय द्यायचे हे ठरवण्याआधी कोण काय करतो ते पाहायला हवे. आपल्याला दिसतो तो फक्त हात धरून खाली नेणारा ‘गाइड’. ज्याला पोहता येत नाही अशा माणसाचे पाण्याखालचे सारे चलनवलन हाच सांभाळतो. मागून टाकी धरून तो आपल्याला हव्या त्या दिशेला वळवतो, आपल्या डोळ्यांत भीती दिसते का ते पाहतो, कानात दडा बसला की नाक दाबून हवा सोडायची खूण करतो. दहा मीटर खोलीवर अंगावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. अशा ठिकाणी कोणी घाबरून, श्वास रोखून, सरळ वर उसळी मारली तर छातीतली हवा प्रसरण पावून फुफ्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून ‘श्वास कधीही रोखू नका’ हा या विद्येतला पहिला धडा. तो धडा आपण बोटीवर ऐकतो आणि पाण्यात शिरताच विसरतो. गाइडला मात्र तो आपल्या वतीने लक्षात ठेवावा लागतो. एक गंमत अशी, की जमिनीवर अंगठा वर केला तर ‘झकास’. पाण्याखाली तीच खूण म्हणजे ‘मला वर न्या’! उत्साहाच्या भरात अंगठा दाखवणारे पर्यटक या मुलांना रोज भेटतात. ती हसतात आणि आपल्या अंगठ्याच्या टोकाला तर्जनीचे टोक जुळवून बरोबर खूण पुन्हा करून दाखवतात.

पण बोटीवर आणखीही माणसे असतात. सुकाणूपाशी तांडेल असतो. वारा कुठून फिरतोय, पाणी गढूळ होतेय का, नांगर धरून राहील का, हे तो पाहत असतो. यातले अनेक जण पिढीजात मासेमार घरांतले. समुद्राची ही ओळख त्यांनी पुस्तकातून करून घेतलेली नसते. शिडीपाशी एखादा पोरगा उभा असतो. तो दिवसभर माणसे आणि टाक्या वर ओढत असतो. भरलेली एक टाकी साधारण चौदा-पंधरा किलोंची. तशा किती उचलल्या याची मोजदाद तो ठेवत नाही, त्याची पाठ ठेवते. आणि जो आपल्याला कधीच दिसत नाही तो किनाऱ्यावरच्या कॉम्प्रेसरपाशी बसलेला माणूस. टाकीत हवा भरतात ती सुमारे २०० बार दाबाने, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या ऐंशी-नव्वदपट. त्याने फिल्टर वेळेवर बदलला नाही आणि यंत्राच्या धुराची हवा टाकीत गेली, तर खाली गेलेल्या माणसाला ती कळायलाही वेळ मिळायचा नाही. आपला श्वास भरून ठेवणाऱ्या त्या माणसाशी आपली नजरानजरही होत नाही. बक्षीस मात्र नजरेसमोरच्या हातालाच मिळते, हा जगाचा नियम आहे.

एक शब्द, अनेक रिवाज

‘बक्षीस’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तोच शब्द पश्चिमेकडे इजिप्तमध्ये पोहोचला. तांबड्या समुद्रावरच्या हुरघाडा, शर्म-अल-शेखच्या बोटींवर आजही तो याच अर्थाने कानावर पडतो. तिथे आठवडाभर समुद्रातच मुक्काम करणाऱ्या मोठ्या बोटी असतात. शेवटच्या दिवशी सर्व प्रवाशांनी पाकिटातून किंवा पेटीतून द्यायचे आणि ते स्वयंपाक्यापासून इंजीनवाल्यापर्यंत वाटले जायचे, अशी तिथली पद्धत. मालदीवमध्येही अशा सफरी असतात. टाक्या आणि कॉम्प्रेसर वाहणारी वेगळी बोट मुख्य बोटीबरोबर चालते. तिचे नाव ‘धोणी’. कोकणातल्या माणसाला ते ऐकून डोणी आठवल्यावाचून राहत नाही.

अमेरिकेचा रिवाज आणखी निराळा. फ्लोरिडाच्या बोटींवर तिकिटाच्या पंधरा ते वीस टक्के, किंवा दर टाकीमागे पाच-दहा डॉलर देतात आणि न देणारा कंजूष समजला जातो. त्यामागचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. तिथे टिप मिळवणाऱ्या नोकराला मालकाने ताशी २ डॉलर १३ सेंट एवढीच रोख मजुरी दिली तरी केंद्रीय कायद्याला चालते. किमान वेतनाची बाकीची रक्कम टिपेतून भरून निघावी अशी अपेक्षा असते. काही राज्यांनी याहून अधिक दर ठरवले आहेत, पण केंद्राचा हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. म्हणजे तिथली टिप हे बक्षीस नव्हेच. मालकाने गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकलेला तो पगार आहे. उलट जपानमध्ये टिप देण्याची रीतच नाही; पुढे केलेले पैसे विनयपूर्वक परत केले जातात. मुले परदेशी असल्यामुळे हल्ली आपल्यापैकी पुष्कळांचे या देशांत जाणेयेणे असते. जाण्याआधी तिथला रिवाज विचारून घेणे, हे व्हिसा काढण्याइतकेच आवश्यक समजावे.

त्यात एक सूचना जुन्या बँकवाल्याची. परदेशी बोटीवर उरलेली चिल्लर देऊन मोकळे होऊ नका. बाहेरच्या देशाची नाणी बँका आणि पैसे बदलून देणारे सहसा घेतच नाहीत. घेतात त्या नोटा. आपल्या खिशातला जडपणा कमी होतो, पण समोरच्याच्या पदरात पडतो तो निव्वळ धातू.

पेढ्यांचा पुडा

माझी तीसेक वर्षे बँकेत गेली, त्यातली बरीचशी कर्ज खात्यात. त्या टेबलावर बसून एक गोष्ट पक्की समजली. कर्ज मंजूर होण्यापूर्वी येणारा पेढ्यांचा पुडा आणि शेवटचा हप्ता फिटल्यावर येणारा पेढ्यांचा पुडा, यांत पेढे तेच असतात, दुकानही बहुधा तेच असते. पण त्या दोन पुड्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. पहिला निर्णय विकत घ्यायला आलेला असतो आणि दुसरा निर्णयाचे आभार मानायला. पहिला परत पाठवायचा आणि दुसरा सगळ्या शाखेने वाटून खायचा, असा आमचा शिरस्ता होता.

बोटीवरच्या बक्षिसाला हीच कसोटी लावावी असे मला वाटते. बोट सुटण्यापूर्वीच गाइडच्या हातावर नोट ठेवून ‘‘आमच्याकडे जरा जास्त लक्ष दे हं’’ म्हणणारे काही कमी नाहीत. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण लक्ष द्यायचे म्हणजे काय? ‘‘पाच मिनिटं जास्त ठेव.’’ ‘‘अजून थोडं खाली ने.’’ ‘‘आठवण म्हणून तेवढा प्रवाळाचा तुकडा काढून दे.’’ इथे बक्षिसाची लाच होते. टाकीत हवा मोजकी असते, तेव्हा पाच मिनिटे ही काही हॉटेलातल्या जादा चटणीसारखी मागायची वस्तू नाही. आणि प्रवाळांविषयी म्हणाल, तर मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे. शोकेसमध्ये मांडायला तुकडा मागणारे आपण घरी निघून जातो. पकडला जातो तो शे-पाचशेसाठी तो तोडून देणारा पोरगा.

याच बँकेतल्या अनुभवाची दुसरी बाजूही आहे. एखाद्या गृहस्थाचा धंदा चालणारा नाही, कर्ज दिले तर तो राहत्या घरासकट बुडेल, हे ओळखून त्याला नकार देणारा अधिकारी मी पाहिला आहे. त्या गृहस्थाचे घर वाचले. पण त्याबद्दल त्या अधिकाऱ्याला पेढे आले नाहीत. नकाराचे पेढे कोणी वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी मालवणात कुटुंबासह गेलो असताना हे सारे आठवले. सकाळी समुद्र शांत होता. आमची पाळी यायच्या सुमारास वाऱ्याने अंग धरले. साठीच्या आतबाहेरच्या तांडेलाने पाण्याकडे एकदा पाहिले आणि पुढच्या फेऱ्या थांबवल्या. आमच्या आधीच्या गटातले एक गृहस्थ हट्टाला पेटले. सुट्टी आजच संपत होती, मुले हिरमुसली होती. ‘‘माणशी दोनशे जास्त घ्या, पण चला,’’ असे ते पुन:पुन्हा म्हणत होते. तांडेल शांतपणे म्हणाला, ‘‘पैशाचो प्रश्न नाय, साहेब. वारो लागलो. आज पाण्यात जावचा नाय. उद्या सकाळी येवा.’’ आणि त्याने सगळ्यांचे पैसे परत करायला सांगितले. ते गृहस्थ ‘फुकट आलो’ म्हणत गाडीत बसले.

त्या दिवशी त्या बोटीवरच्या पाच-सहा माणसांची अर्ध्या दिवसाची कमाई गेली. मालकाचा तोटा झाला, पोरांचे भत्ते बुडाले आणि बक्षिसाचा तर प्रश्नच नव्हता. हा नकार त्यांनी स्वतःच्या खिशातून दिला होता. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला, हे मालवणात कोणी विसरलेले नाही. अशा किनाऱ्यावर ‘आज नको’ म्हणणाऱ्या माणसाने आपल्याला काय दिले, याचा हिशेब कोणत्या टक्केवारीत मांडायचा?

म्हणून या शिष्टाचाराचे पहिले कलम माझ्या मते असे असावे : बुडी रद्द झाली तरी बोटीवरच्या माणसांना काहीतरी द्यावे. जेवढे दिले असते तेवढे नको, निम्मे द्या. चहाचे पैसे द्या. तेही जमले नाही तर ‘‘बरं केलंत, थांबवलंत’’ एवढे म्हणा. आपण फक्त होकाराचे पैसे देत राहिलो, तर कधीतरी नको त्या दिवशीही होकारच मिळेल.

खाते कोणाचे?

आता चिरंजीवांच्या क्यूआर कोडाकडे वळू. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय मोठी खरी. पण बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की हे खाते कोणाचे? काउंटरवर चिकटवलेला कोड बहुधा मालकाच्या खात्याचा असतो. त्यावर पाठवलेले पाचशे रुपये शिडीवरच्या पोरापर्यंत पोहोचतील की नाही, हे मालकाच्या सचोटीवर अवलंबून. चांगले मालक ते पोहोचवतातही. पण ब्रिटनसारख्या देशाला हे निव्वळ चांगुलपणावर सोडवेना. टिपेचा पूर्ण पैसा नोकरांनाच गेला पाहिजे असा कायदा त्यांनी २०२३ मध्ये केला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तो अमलात आला. आपल्याकडे बिलात परस्पर ‘सेवाशुल्क’ लावणाऱ्या उपाहारगृहांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. त्यामागचे तत्त्व सरळ आहे : द्यायचे की नाही ते देणाऱ्याने ठरवावे.

बोटीवर याचा सोपा उपाय म्हणजे सरळ विचारावे. ‘‘दादा, तुमच्यात टिप वाटून घेता की ज्याची त्याला?’’ या प्रश्नाने कोणाचाही अपमान होत नाही. वाटून घेत असतील तर सर्वांदेखत तांडेलाच्या हाती द्यावे. ज्याची त्याला अशी रीत असेल तर दोन वाटे करावेत. एक गाइडचा आणि एक बाकीच्यांचा. आणि तो दुसरा वाटा देताना ‘‘यात कॉम्प्रेसरवाल्यालाही धरा’’ असे मुद्दाम म्हणावे.

आता किती? मालवणच्या एका बुडीचे पैसे हौशी परदेशी सफरीच्या मानाने इतके कमी असतात, की टक्केवारी काढत बसण्यात अर्थ नाही. माझा स्वतःचा ठोकताळा सांगतो. पटला तर घ्यावा. पाण्यात उतरलेल्या प्रत्येक माणसामागे गाइडला शंभर ते दोनशे रुपये आणि त्याच्या निम्मे बाकीच्या बोटीला. चौघांच्या कुटुंबाचा हा खर्च त्या दिवशीच्या चार मत्स्यथाळ्यांच्या आसपास जातो. एखाद्या गाइडने घाबरलेल्या आजोबांना धीर देऊन खाली नेले आणि हसत वर आणले असेल, तर हात थोडा सैल सोडावा. सेवा खरोखरच निष्काळजी असेल, तर देऊ नये आणि का देत नाही ते सभ्य शब्दांत मालकाला सांगावे. गप्प बसून हात आखडता घेतला तर समोरच्याला कारण कळत नाही. तो आपल्याला कंजूष समजतो आणि चूक तशीच राहते.

पैसे घरून निघतानाच पाकिटात घालून, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावेत. भिजून एकमेकींना चिकटलेल्या नोटा सुट्या करत बसायचे काम मी काउंटरवर पुष्कळ केले आहे. ते बोटीवर कोणाला करायला लावू नये. दारूची बाटली देऊ नये. तिला दुपारी पुन्हा पाण्यात उतरायचे नसते, त्याला असते. आणि घरच्या लाडवांचा डबा उघडलाच असेल, तर तो शिडीवरच्या पोरापर्यंत पोहोचू द्यावा.

पैशांइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट आहे आणि तिला खर्च नाही. या मुलांना आपण सर्रास ‘ए’, ‘अरे’ म्हणून हाक मारतो. ज्याच्या हाती थोड्या वेळासाठी स्वतःचा आणि लेकराचा जीव सोपवायचा, त्याला ‘दादा’ म्हणायला जीभ अडखळू नये. उतरताना त्याचे नाव विचारावे. अभिप्रायाची वही असेल तर ‘सेवा उत्तम’ असे मोघम न लिहिता त्याचे नाव घालून दोन ओळी लिहाव्यात. पुढच्या हंगामात काम मिळवताना त्या दोन ओळी त्याला नोटेपेक्षा जास्त काळ पुरतात.

कारण हंगाम कायमचा नसतो. पावसाळ्यात समुद्र खवळतो, बोटी किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकल्या जातात आणि बुडीचा धंदा बंद पडतो. मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलैपर्यंत बंदी असते. कारखान्यातल्या कामगाराला बोनसचा कायदा आहे. १९६५ चा तो जुना कायदा आणि त्यातले ते ८.३३ टक्के आम्हां नोकरदारांना तोंडपाठ होते. रोजावर बोटीवर येणाऱ्या पोराच्या नशिबी तसले कलम नसते. भरल्या हंगामात जे गाठीला बांधले, त्यातच नारळी पौर्णिमेपर्यंतचे दिवस काढायचे असतात. मे महिन्याच्या सुट्टीत किल्ल्यामागच्या पाण्यातून आपण ओलेचिंब, आनंदाने फुललेले वर येतो, तेव्हा त्या गाठीत आपल्याही हाताने चार पैसे पडलेले असावेत, एवढेच.